वानखेडेभाऊंचं लेसर मशीन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. लिंबू-मिरचीचे सल्ले मला आजही नकोत. घडलं तेवढं वाचा.

मी रायपूरला, उरला इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात वेल्डिंग इंजिनिअर आहे. आमच्याकडे तांबं आणि स्टील लेसरनं जोडतात. दोन्ही थेट जोडले तर थंड होताना तडा जाण्याची भीती, म्हणून मध्ये निकेलची पातळ पट्टी घालायची. हे काम आधी वानखेडेभाऊ करायचे. माझा भयंकर राग त्यांना. "पोट्टीनं माह्या मशीनले हात लावायचा नाही," असं तोंडावर म्हणायचे. मग हार्ट अटॅकनं गेले, आणि मशीन माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवसापासून माझे जोड तडकायला लागले. निकेल बरोबर, सेटिंग तेच... तरी थंड होताना बारीक 'टिक्' व्हायचं, आणि मशीनच्या रिकाम्या, काचेच्या केबिनमध्ये कुणीतरी नाकातून हसायचं. अगदी भाऊंसारखं. आमच्या साहू भैयानं त्याच सेटिंगवर केलेले जोड मात्र धड! तो म्हणाला, "दीदी, इसको आपसे ही चिढ़ है."

मॅनेजरनं सुनावलं — जमत नसेल तर दुसरी नोकरी बघा.

त्याच दुपारी भाऊंची बायको, शोभाकाकू, त्यांचं सामान न्यायला आल्या. मला रडू आवरेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता चिडतील. त्या म्हणाल्या, "मशीन बंद कर. मले जाऊ दे आत."

काकू एकट्याच केबिनमध्ये गेल्या. मी काचेतून बघत होते. आतून आवाज आला, "घरी जलमभर छळलं, ते पुरलं नाही? आता या पोरीच्या मांगं काहून लागून राह्यले? निघा इथून!"

एकदम त्यांची मान हिसक्यानं वळली. आत दुसरं कुणी नव्हतं... शपथेवर सांगते. बाहेर आल्या तेव्हा डाव्या गालावर चार बोटं लालभडक उमटलेली.

त्यानंतर माझा एकही जोड तडकला नाही. धातूतलं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. आणि त्या गालाचं स्पष्टीकरण कुठल्या लॅबमध्ये मागू? घाबरून मी पाणी आणलं, तेव्हा पदरानं गाल झाकत काकू एवढंच म्हणाल्या, "काही नाही वं पोरी. सवय आहे मले."