सामाईक मावशी

कपडेपटाच्या मावशींना नाव विचारायची कुणावर वेळच आली नव्हती. नाटकाचे कपडे जिथे, तिथे मावशी.

"मावशी, बटण!"

"मावशी, कोट लागत नाहीये, पोट जरा आत घ्या ना!"

"पोट तुमचं तुम्ही घ्या, मी कोट सैल करते."

नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन त्या एका छोट्या नाट्यकेंद्रात आल्या आणि रंगमंचामागच्या खोलीत रमल्या. सकाळी जो कुणी पहिला येई तो दारावर टकटक करी, "उठलात का?" तेवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा.

मग आसपासच्या गावांतली चार केंद्रं एकत्र आली. एकेकट्यानं गाडा ओढताना सगळ्यांच्याच नाकी नऊ आले होते. दिवे सामाईक, पडदे सामाईक, कपडेपट सामाईक. कपड्यांबरोबर मावशीही सामाईक झाल्या. "आता तुम्हाला चार माहेरं," चारही केंद्रांचा ताळमेळ बघणारे सर म्हणाले, तेव्हा मावशी हरखल्याच. आणि खोटं कशाला बोला, केंद्रं तगली. एका गावचा सेनापती दुसऱ्या गावात पोस्टमन म्हणून उभा राहू लागला, कोट तोच.

दारावरची टकटक मात्र थांबली. मावशी इथे नाहीत म्हणजे तिथे असतील, असं चारही ठिकाणी वाटायचं.

त्या दुपारी तिसऱ्या केंद्राच्या अंगणात त्या हातपाय धुऊन आल्या, तर टेंपो गेलेला. ट्रंका गेल्या, मशीन गेलं, सरांची गाडीही गेली. चौथ्या केंद्रात संध्याकाळी प्रयोग होता.

"अहो मावशी, तुम्ही राहिलात?" कुलूप लावायला आलेला वॉचमन म्हणाला. "टेंपोवाल्याला वाटलं तुम्ही सरांच्या गाडीत. सरांना वाटलं असेल टेंपोत. फोन करा की!"

"करतील तेच." मावशी पायरीवर बसल्या. "माणूस राहिलंय. चेष्टा आहे का?"

फोन त्यांनी मांडीवर ठेवला. आपण करायचा नाही. बघूच कुणाला आठवण होते ते.

वॉचमननं चहा आणून दिला. "आला का फोन?"

"येईल."

ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. "आता तरी करा, मावशी."

"तुम्ही गप्प बसा हो."

फोन वाजला. सरांचा! मावशींनी लगेच उचलला.

"हां सर, मी..."

"मावशी, सेनापतीचा कोट कुठल्या ट्रंकेत?"

"हिरव्या. तळाशी."

"सापडला, सापडला!" आणि फोन बंद.

वॉचमन कुलपाशी उगीचच खुडबुड करत राहिला. "तिथेच कुठेतरी आत बसल्या असाल, असं वाटलं असणार. सांगायचंत ना."

"विचारलं कुठे त्यांनी?"

चहाचा कप विसळून त्यांनी त्याच्या हातात दिला आणि बस पकडली.

त्या पोचल्या तेव्हा दुसरा अंक चालू होता. विंगेतल्या अंधारात सेनापतीनं वळूनही न बघता हात मागे केला. "मावशी, बाही उसवलीय. पटकन."

मावशींनी पदराला टोचलेली सुई काढून ओवली. तेवढ्यात सर आले, खुशीत होते. "हाउसफुल आहे! तुम्ही आहात म्हणून निभावतं बघा."

"सर," टाका घालता घालता मावशी म्हणाल्या, "मी आज आले कशातून?"

"टेंपोतून. का हो?"

मावशींनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला. सेनापती रंगमंचावर गेला. समोरून टाळ्या आल्या.

"काही नाही. टेंपोवाल्याला म्हणावं, खड्डे जरा बघून चालव."

"सांगतो हं," सर म्हणाले आणि घाईघाईनं पलीकडच्या विंगेकडे निघून गेले.