रामलालचा खातकुडा

रामलाल कटरे कसा माणूस, असं कोणी विचारलं तर सौंदडकडच्या आमच्या गावात एकच उत्तर मिळायचं: त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, गवताची काडी सापडायची नाही. दुसऱ्याच्या बांधीतून, धानाच्या खाचरातून चालला तरी वाकून चार गवतं उपटायचा आणि मालकाच्या आळसावर दोन शब्द टाकूनच पुढं जायचा. लग्नाच्या पंगतीत पत्रावळीशेजारचं गवत खुडताना मी त्याला पाहिलं आहे. त्याची बायको सुखवंता म्हणायची, "माह्या डोक्यात पांढरा केस दिसला तं तोही उपडन हा माणूस."

अशा माणसाच्या शेजारी देवानं धनवंता उईकेची बाडी आणून ठेवली. धनवंता एकटी बाई. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात धानाची रोवणी. गावातल्या रोवणीच्या बायांची तीच म्होरकी. सकाळी गेली की दिवेलागणीला घरी. घरामागच्या बाडीत गाजरगवत छातीएवढं वाढलं तरी तिला उसंत नव्हती. त्याचं बी उडून रामलालच्या आंगणात यायचं. ते उपटलं की त्याच्या हातावर कोपरापर्यंत चट्टे उठायचे.

"काऊन वो धनवंता," तो कुंपणावरून विचारायचा, "गवत पाळून राहिली काय? दूध देते काय ते?"

"रोवणी आटपू द्या न भाऊ. मंग पाहू."

२००९च्या श्रावणात त्याचा धीर सुटला. धनवंता रोवणीला गेली असता त्यानं कुंपणाची काटी बाजूला सारली आणि तिची अख्खी बाडी एकट्यानं साफ केली. तोवर गवत पांढऱ्या फुलांनी भरून गेलं होतं. मी पलीकडे माझ्या ओसरीवर. पाहतो तर भारे उचलून हा गोठ्यामागं आपल्याच खातकुड्यात, शेणखताच्या खड्ड्यात टाकतो आहे. हिरवं काही फुकट जाऊ देणं त्याला जमायचंच नाही.

"रामलाल, शेजारणीचं गवत चोरून राहिला काय गा?"

"खत होते, शालीकदादा. आपल्याले त्रास देल्लं, आता धानाले कामी येईल."

तो हसला. मीही हसलो. फुलावर आलेलं गाजरगवत खड्ड्यात टाकलं की बी तसंच जिवंत राहतं, हे मला ठाऊक होतं. शेतीखात्याच्या माणसानं चावडीवर सांगितलं तेव्हा रामलाल कोणाचा तरी धुरा साफ करत असणार. मी मात्र बोललो नाही. शहाण्या माणसाची फजिती होणार असली की मला गप्प बसायला फार आवडतं.

उन्हाळ्यात ते खत शेतात गेलं. पावसाळा लागला, रामलालनं धानाचं बी पेरून पऱ्हे टाकले, आणि धानाच्या रोपांआधी वर आलं ते गाजरगवत. नुसतं दाट. ज्याच्या धुऱ्यावर काडी नसायची, त्याचे पऱ्हे बघायला लोक वाट वाकडी करून जाऊ लागले. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मीच चौघांना घेऊन गेलो.

रामलालनं तंटामुक्त समितीत तक्रार केली. समितीत मीही होतो.

"शेत गावापासून कोसभर," तो म्हणाला. "तिथवर वारा बी नेत नाही. मी बाडी साफ केली त्याचा राग धरून हिनंच आणून फेकलं."

"मी कायले फेकीन?" धनवंता म्हणाली. "त्या बांधीत रोवाले मलेच वाकावं लागते न."

याहून सरळ बोलणं त्या दिवशी दुसरं झालं नाही, आणि ते कोणी ऐकलंही नाही. आम्ही सगळे जमीनवाले बसलेलो. एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते उच्चारलं की लोक विचारणार, मंग तवाच काऊन नाही सांगतलं? मी पान लावत बसलो. कागद झाला, 'पुन्हा असे करणार नाही'. धनवंतानं अंगठा दिला आणि सगळ्यांपुढं रामलालला हात जोडले. खाली पंचांच्या सह्या. तिसरी माझी.

महिनाभरानं कुडव्याहून रामलालच्या लेकीचा, योगेश्वरीचा फोन आला. वांग्यांसाठी त्यानं तिला दोन पोती खत पोचवून दिलं होतं.

"बाबाजी, तुमच्या खतातून हे काय निंघालं? वांगे दिसत नाहीत, सारी पांढरी फुलंच."

धनवंता काही कुडव्याला गेली नव्हती.

रामलाल माझ्याकडे आला. बराच वेळ ओसरीच्या फरशीतलं गवत उपटत बसला. मग म्हणाला, "दादा, तो कागद फाडता येते काय?"

"नोंद झाली गा. वर गेला तो."

"तुमी तं पाहत होते. मी टाकत होतो तवा."

मी पानदान पुढं केलं. त्यानं घेतलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तो उभा राहिला. धनवंता बायांमध्ये मागं बसलेली. त्यानं घसा साफ केला, आणि शाळेपुढची नाली तुंबली आहे असं सांगून खाली बसला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. उभं राहण्याचा माझाही हक्क होताच.

दुसऱ्या दिवशी धनवंता घरी असतानाच तो कुंपणाशी गेला. इतकं मला ओसरीवरून ऐकू आलं:

"तुले ठाऊक होतं काय, खातकुड्यातून आलं म्हणून?"

"होतं न."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मी सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं काय, भाऊ?"



तेव्हापासून दरवर्षी, फूल धरायच्या आत, रामलाल हाताला पिशव्या बांधून तिची बाडी उपटतो आणि ते गवत गावाबाहेर नेऊन जाळतो. कितीही बांधलं तरी चट्टे उठतातच. धनवंता कामाला जाताना कुंपणाच्या खुंटावर खोबरेल तेलाची वाटी ठेवून जाते. ती वाटी दिसली की त्याची मान खाली जाते. तेल लावतो, वाटी घासून परत ठेवतो.

परवा मी ओसरीवरून म्हटलं, "रामलाल, मीही येऊ काय हात लावाले?"

त्यानं वर न बघता म्हटलं, "तुमी बसा दादा. तुमाले बसूनच जमते."