एकाच बियाण्याची लेकरं

टाकव्याला आमचं भाताचं एकच खाचर आहे. यंदाचं भात घराला पुरलं नाही तर खाचर एका रिसॉर्टच्या पार्किंगसाठी भाड्याने द्यायचं, असं सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं होतं. सासूबाईंनी तोंड फिरवलं, म्हणजे त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं.

आदल्या वर्षी संकरित भाताचं बी अनुदानामुळे स्वस्तात मिळालं होतं. यंदा नियम बदलला. आधी पूर्ण किंमत मोजा, अनुदान मागाहून खात्यात.

"मागनं? मग आमी जेवायचं बी मागनंच का?" असं म्हणत सासूबाईंनी आदल्या वर्षीच्या त्याच संकरित पिकातल्या टपोऱ्या लोंब्यांचं, राखेत जपलेलं बी काढलं. आमच्या जुन्या इंद्रायणी भाताचं बी त्या जन्मभर असंच ठेवत आल्या; आदल्या वर्षी संकरित लावलं आणि ते घरातून संपलं. मी म्हटलं, "आई, संकरित बी पुन्हा पेरत नाहीत." त्या म्हणाल्या, "भात त्ये भात." लोणावळ्याच्या बँकेत बसणाऱ्या सुनेचं शेतीतलं ऐकतो कोण!

दसऱ्याला खाचरात गेले आणि चिडायचं विसरून बघतच राहिले. एक रोप कमरेएवढं, शेजारचं गुडघ्याएवढं. एक पिकून वाकलेलं, दुसरं आत्ता कुठे फुलोऱ्यात. सगळी एकाच बियाण्याची लेकरं! सारख्या दिसणाऱ्या त्या दाण्यांत एवढं काय काय दडून बसलं होतं? मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले. बांधावरून जाणारे मात्र हसत होते. भात अर्थातच पुरलं नाही.

सासरे पार्किंगवाल्याला निरोप धाडणार, तेवढ्यात देवळापुढे शेतकी अधिकाऱ्यांची सभा भरली. जनुकांतच बदल केलेलं, कमी पाण्यात तगणारं भात येऊ घातलंय, असं ते सांगत होते. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी इकडचं तिकडे करायचं आणि अख्खं रोप बदलतं! माझ्या अंगावर काटा आला. सासूबाई उठल्या.

"सायेब, त्याची लेकरं त्याच्यावानीच निघत्यात का?"

"हो मावशी, हे संकरित नाही. घरचं बी ठेवता येईल. पण इथे यायला अजून काही वर्षं लागतील. अनुदानाचं मात्र सांगता येत नाही."

"ऱ्हाऊ द्या. एकदाच इकत घीन. फुडचं माजं मी ठिवते."

मग भर सभेत त्या सासऱ्यांकडे वळल्या. "ऐकलं न्हवं? तवर इंद्रायणी लावू. खाचर द्यायचं न्हाई."

सासऱ्यांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "मग इंद्रायणीचं बी कुनाकडनं आनायचं, त्ये बग."