दोह्यात ऐकलेला एक शब्द

विमान उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून आधी समुद्र दिसला, मग वाळू, मग एका स्टेडियमचं पांढरं छत. मी दोहा सोडलं तेव्हा तिथे खड्डे आणि क्रेन होत्या. आता विश्वचषक महिन्यावर आला होता. कंपनीचं काम चार दिवसांचं; मी हो म्हणालो ते सलीमभाईंसाठी.

माझ्या वेळी नसलेल्या मेट्रोने अल सद्दला गेलो. जुनी इमारत तशीच आहे. खाली उभ्याउभ्या करक (दुधाळ, कडक चहा) प्यालो. इथे आम्ही एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी नाशिकचा इंजिनियर, सलीमभाई रत्नागिरीचे स्टोअरकीपर. शुक्रवारी ते मासे रांधायचे, मी भांडी घासायचो आणि शिव्या खायचो, "अहो, तवा घासताय का कुरवाळताय?" इतकं सुखाचं घर मला पुन्हा मिळालं नाही.

मग इराक-सीरियात काळ्या झेंड्यांच्या दहशतवादी संघटनेचा जोर झाला. शहरामागून शहर पडत होतं, देशोदेशीची पोरं तिकडे पळत होती. ती संघटना स्वतःला 'दौला' (राज्य) म्हणवायची. एका संध्याकाळी सलीमभाई फोनवर दबक्या आवाजात म्हणाले, "दौला पाठवताय ना? बॅगेत तळाशी दडवा."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर घातलं. आठवड्यात सलीमभाईंचा व्हिसा रद्द. त्यांची बॅग विमानतळापर्यंत मीच उचलली.

पुढे ती राजवट कोसळली, बातम्यांतून ओसरली. सलीमभाई दुसऱ्या कंपनीतून परत आले, हमद पोर्टला लागले. 'न जाणो, असेलही काही,' एवढ्यावर मी आजवर झोपत आलो.

अल नस्रमधल्या त्यांच्या खोलीवर गेलो.

"कवा आलाव? पोट बघा केवढं सुटलंय!"

सुरमईचं सार उकळत होतं. "तो डवला द्या इकडं."

"दौला?" मी विचारलं.

"डवला ओ! करवंटीचा. नाशकात पळी म्हणत असाल. आईनं केलेला. तेव्हा कस्टमवाले काढून घेतील म्हणून दडवून मागवलेला. तो आला आणि मी गेलो." ते हसले. मग म्हणाले, "त्या रफीकची मेहेरबानी. फोनवर कायतरी बोललो म्हणून काढलं म्हणे. तुमच्याशिवाय माझं मराठी समजणारा ऑफिसात दुसरा कोण होता? बहिणीचा नवरा असून चुगली केली. आता भाचीचं लग्न आहे. बहीण रडते. मी जायचा नाही."

"रफीक नव्हता, सलीमभाई. मी होतो."

काय ऐकलं, काय समजलो, सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला.

"मला विचारायचंत ओ. एका खोलीत तर होतो."

त्यांनी फोन घेतला. "रफीक? मी सलीम. ठेवू नको… लग्न कवा आहे?" पलीकडून बहिणीचं रडणं ऐकू आलं.

मला त्यांनी वाढलं. स्वतः जेवले नाहीत. निघताना म्हणाले, "खलास (संपलं). आता येऊ नका."

नाशिकला आलो. बायकोने विचारलं, "दोहा कसं आहे?" स्टेडियमं सांगितली, मेट्रो सांगितली, मग हे सांगितलं. त्या संघटनेने काय काय मोडलं ते जगाने पाहिलं. आमच्या फ्लॅटपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. ते घर मी मोडलं.