दांड्या किती?

बीडच्या बसस्टँडसमोर माझ्या एका दोस्ताची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. फोन हातात आला की आधी फुंकर मारायचा, मग कलिंगड पारखावं तसा बोटानं टकटक वाजवून बघायचा. स्वतः औरंगाबादच्या पुढं कधी गेला नव्हता, पण परदेशी निघालेल्या प्रत्येकाचा फोन त्याच्याच हातून जायचा.

मी मस्कतला कामाला निघालो, तेव्हा माझ्या फोनला असलेलं कंपनीचं लॉक त्यानंच काढलं. वर दटावलं, "आता कुठल्याबी मुलखाचं सिम चालतंय. पण उतरलास की पहिला फोन मला!"

मस्कतला उतरलो, तिथलं सिम घातलं आणि त्याला फोन लावला. पोचलास का, जेवलास का, काही नाही.

"रेंजच्या दांड्या किती?"

"चार."

"मस्कतात चार दांड्या हायेत बे!" तो टपरीतून ओरडला. मागं टाळ्या पडल्या.

मग नेकनूरला घरी फोन लावला. बराच वेळ एंगेज. शेवटी लागला, तर मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कळलं रं, आताच त्याचा फोन आलता. चार दांड्या हायेत म्हणं. लई बरं झालं!"