चिमट्याला बांधलेली नाडाछडी

त्या दिवशी आमच्या लेकीनं पाण्यात पडायचंच होतं, हे आधीच ठरलेलं. तरी मी काठाच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिलेले.

सांगते. आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर होड्या बांधायचं वेड लागलं. नाशिक रोडच्या आमच्या पार्किंगमध्ये गाडी कधी लागलीच नाही, तिथं कायम प्लायवूड आणि भुसा. इंजिन लावलेल्या या छोट्या होड्या धरणावर शर्यतीत पळवायच्या, चालवणार आमची लेक. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, लोक मुलीसाठी स्थळं बघतात, तुम्ही इंजिनं बघता. मीही हसायचे.

मग सुरक्षेचे नवे नियम आले. शर्यतींना परवानगी देणारे साहेब म्हणाले, घरी बांधलेल्या होड्यांचा हौशी गट बंदच करणार. सगळ्यांनी खूप विनवलं, तेव्हा साहेब एवढ्यावर आले की एक होडी चाचणीला आणा, पास झाली तर गट राहील. सगळ्यांनी आमचीच होडी पुढे केली.

चाचणी साधी, चालत्या होडीतून मुद्दाम पाण्यात पडायचं. चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरी असते, दुसरं टोक इंजिनाच्या बटणावर चिमट्यानं बसवलेलं. माणूस पडला की चिमटा निघतो, इंजिन बंद पडतं.

सकाळी ह्यांनी होडीची पूजा केली. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय काही चालूच होत नाही. आणि पूजेच्या लाल दोऱ्याची नाडाछडी कुठे बांधावी? जीव वाचवणारी वस्तू म्हणून त्या चिमट्यालाच. बटणासकट चांगले वेढे देऊन, घट्ट गाठ मारून.

लेक पडली. चिमटा निघालाच नाही. दोरी तिच्या ओल्या मनगटातून निसटली, आणि रिकामी होडी तशीच वेगात गोल फिरून तिच्याच अंगावर आली. हिला बुडी मारायची, तर लाइफ जॅकेट बुडू देईना. हे काठावरून हातवारे करत होते. शेवटी तिनं जॅकेटचे बंद सोडले आणि खाली गेली. होडी तिथूनच गेली, वरून. पुढे जाऊन काठच्या गाळात रुतली आणि घरघरत राहिली.

लेक वर आली तेव्हा कुठे मी खाली बसले.

साहेब ओरडले नाहीत. त्या नाडाछडीचा फोटो काढला आणि म्हणाले, आता माझ्या हातात काही नाही. गट बंद झाला. आमच्याबरोबर सगळ्यांचाच.

हे गाळात उभे राहून नखांनी ती गाठ सोडवत होते. ओली गाठ कुठली सुटते. लेक टॉवेल गुंडाळून जवळ गेली.

"मी सकाळीच बघितली होती, बाबा. तुम्ही हात जोडून उभे होतात. म्हटलं राहू दे, निघेल चिमटा."

हे गाठ सोडवतच राहिले.

अर्धी बांधलेली दुसरी होडी अजून पार्किंगमध्ये आहे. लेक जाता-येता तिच्यावर हात फिरवते. ते दिसू नये म्हणून हे खिडकीचा पडदा ओढून घेतात. दोघं एका ताटात जेवायचे, आता वेगवेगळ्या वेळी जेवतात. मी दोनदा पोळ्या करते.