धोंडुबाईनं बसवलेली चाल

तासगावच्या वाटेवरल्या एका गावात कौलारू चर्च होतं आणि त्या चर्चची सात गाणारी माणसं होती. दोघांना सूर कळायचा, तिघांना शब्द पाठ होते आणि उरलेली दोघं नुसती श्रद्धेनं उभी राहायची.

धोंडुबाईला सूर कळायचा. ती गावची सुईण. तालीम ऐन रंगात आली की कुणाचं तरी बोलावणं यायचं. "देव थांबतो, पोर थांबत न्हाई," म्हणत ती पदर खोचून निघायची.

त्रेसष्टच्या नाताळात सांगलीला भरणाऱ्या चर्चच्या गायन-मेळाव्यात या मंडळींची फजिती झाली. पेटी वाजवणाऱ्या शांतवन मास्तरांनी चार आवाजांची विलायती चाल बसवली होती. चारी आवाज चार वाटांनी गेले आणि एकेक करून मुक्कामी पोचले. लोक हसून हसून बेजार. धोंडुबाई आठ दिवस चर्चमध्ये मान वर करून बसली नाही.

पुढच्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले, "यंदा आपण नुसतं ऐकायला जाऊ."

"आवं, पोर पडलं म्हून चालायचं सोडतंय व्हय?" धोंडुबाई उसळली. "चाल बदला. जात्यावरच्या ओवीवर गाऊ."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बाई, चर्चमध्ये जात्याची गाणी?"

"आमी दळलेल्याच पिठाची भाकरी खाऊन तुमी पेटी वाजवताय न्हवं?"

मास्तरांनी पेटी पुढं ओढली. त्याच दिवशी धोंडुबाईनं ओवी जुळवली: 'माळावरी उभा गं, मेंढपाळ माझा.' दोन महिने घासून तालीम झाली. श्रद्धेनं उभी राहणारीसुद्धा गाऊ लागली.

पण सांगलीला पोचल्यावर एसटीच्या टपावरून पेटी उतरवली, तर भाता फाटलेला. मास्तर घाबरेघुबरे झाले. धोंडुबाई म्हणाली, "टाळ हायत, गळं हायत. चला."

पहिल्या ओळीला मागच्या बाकांवर खुसखुस झाली. दुसऱ्या ओळीला ती थांबली. तिसऱ्या ओळीला बायका माना डोलावू लागल्या. सगळ्यांचं गाणं एकदम सुरू झालं आणि, नवल म्हणजे, एकदम संपलंही.

फक्त गाणं संपलेलं दादासोला कळलं नाही. श्रद्धेनं उभं राहणाऱ्या दोघांतला हा सत्तरीचा दादासो कानानं अधू. डोळे मिटून त्यानं एकट्यानंच पुन्हा पहिलं कडवं उचललं. शांत सभागृहात तो घोगरा आवाज घुमला. मास्तरांनी बाही ओढायला हात पुढं केला. आता हशा पिकणार, हे धोंडुबाईनं ओळखलं. तिनं मास्तरांचा हात बाजूला केला आणि दादासोच्या सुरात सूर मिसळला, जणू तसंच ठरलं होतं. मग बाकीचे पाच. मग मागच्या बाकांवरच्या बायका. बघता बघता सगळा मेळावा गाऊ लागला.

दादासोनं डोळे उघडले, तर चारशे माणसं गात होती. "लय माणसं हायत गं आपल्यात," तो म्हणाला. धोंडुबाई पदरात तोंड लपवून हसली, आणि हसता हसता रडलीही.

त्यांना बक्षीस मिळालं नाही. ते मिरजेच्या मंडळींनी नेलं आणि ती मंडळी गायलीही झकास होती. पण जेवणाच्या पंगतीत मिरजेच्याच दोन बायका धोंडुबाईशेजारी येऊन बसल्या. "ती चाल आमाला शिकवा की."

"शिकवीन," ती म्हणाली, "पर आदी पोटभर जेवू द्या. सकाळपासनं भ्यानं घास गिळला न्हाई."